अंगठी कुणी आणली?

कार्तिकी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांची दाटी असते. त्याच दिवशी उज्जैनला, क्षिप्रेच्या काठी, दुसरा एक उत्सव सुरू होतो. तो म्हणजे अखिल भारतीय कालिदास समारोह. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या ध्यासातून १९५८ साली तो उभा राहिला. संस्कृत नाटकं, व्याख्यानं, गाणं, नृत्य, आणि कालिदासाच्या ग्रंथांवर काढलेल्या चित्रांचं व शिल्पांचं प्रदर्शन असा त्याचा थाट असतो. कालिदास उज्जैनचा होता हे परंपरा सांगते. गढकालिकेच्या देवळात त्याला वाणी लाभली, अशी गावची आख्यायिका आहे. मेघदूतात यक्ष मेघाला मुद्दाम वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो, यातून कवीचा त्या नगरीवरचा जीव तर स्पष्टच दिसतो.

आता डोळे मिटून याच कालिदासाची शकुंतला आठवून पाहा. फुलांचे दागिने, बिलगलेलं हरिण, पायात रुतलेलं काहीतरी काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणं, दोन सख्या, दुर्वासांचा शाप, पाण्यात पडलेली अंगठी, माशाच्या पोटातून निघालेली अंगठी. आपल्या सगळ्यांची शकुंतला हीच आहे. पण महाभारत उघडलं, तर तिथे अंगठी नाही. शाप नाही, मासा नाही. अनसूया आणि प्रियंवदाही नाहीत.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं होतं. मग कुतूहल वाटू लागलं. एखादी नायिका नव्याने घडवली जाते तेव्हा नेमके कोणते भाग बदलतात, आणि ते बदलले की तिचा अर्थ कुठून कुठे जातो? आजच्या मुलामुलींना हा प्रश्न वंडर वूमनमुळे ओळखीचा आहे. १९४१ साली अमेरिकन कॉमिक्समध्ये अवतरलेली ही नायिका दर पिढीत नव्याने रचली गेली, आणि दर वेळी वाद झाला तो बहुधा तिच्या कपड्यांवरून. कपडे ही सगळ्यात वरची साल. आतले सांधे कसे हलवले जातात ते पाहायचं, तर शकुंतलेइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिची मूळ घडण आणि नवी घडण दोन्ही शाबूत आहेत आणि शेजारी ठेवून वाचता येतात.

मूळ घडण आधी पाहू. ती आदिपर्वात, संभवपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, त्यात आदिपर्वाचं काम विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पुरं केलं. त्या पाठात दुष्यंत शिकारीच्या वाटेवर कण्वांच्या आश्रमात येतो, तेव्हा कण्व फळं आणायला गेलेले असतात. आश्रमात शकुंतला एकटी आहे. पाहुण्याला आसन-पाणी ती देते. तो विचारतो तेव्हा आपल्या जन्माची हकिगत ती स्वतःच्या तोंडाने सांगते: मेनका, विश्वामित्र, नदीकाठी टाकून दिलेलं मूल, त्याला राखणारे शकुंत पक्षी, त्याला वाढवणारे कण्व. सांगताना ती कुठे अडखळत नाही. राजा लग्नाचं विचारतो. ती म्हणते, वडील येईपर्यंत थांब. तो गांधर्वविवाहाचं शास्त्र समजावतो. मग ती अट घालते: माझ्या पोटी जन्मेल तो मुलगा तुझ्यामागे राजा होईल. तो कबूल करतो, तुला न्यायला सैन्य पाठवतो म्हणतो, आणि जातो. सैन्य येत नाही.

वर्षं जातात. मुलगा सहा वर्षांचा होतो, वाघ-सिंह धरून झाडाला बांधू लागतो. त्याला घेऊन ती दरबारात उभी राहते. इथे महाभारतकार एक गोष्ट अगदी नि:संदिग्धपणे नोंदवतात: राजाला सगळं आठवत होतं. तरी तो आठवत नाही म्हणतो, आणि वर तिला आणि तिच्या आईला नको ते बोलतो.

त्यानंतर ती जे बोलते, ते संस्कृत वाङ्मयातल्या कोणत्याही नायिकेच्या तोंडच्या भाषणांत मला सर्वांत भारी वाटतं. बायको म्हणजे काय, मुलगा म्हणजे काय, कुणी पाहिलं नाही म्हणून पाप लपतं का, सत्याचं वजन किती यज्ञांहून जास्त, हे ती एकेक करून राजासमोर मांडते. रडत नाही. त्याने आईवरून टोमणा मारला, तेव्हा ती म्हणते की माझा जन्म तुझ्याहून वरचा आहे. तू जमिनीवर चालतोस, मी आकाशातून इंद्र, कुबेर, यम, वरुण यांच्या घरी जाऊ शकते. आणि शेवटी: तू नाकारलंस तरी माझा मुलगा पृथ्वीवर राज्य करील. एवढं बोलून ती चालू लागते. मग आकाशवाणी होते, आणि राजा कबूल करतो की मला ठाऊक होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

अप्सरेची मुलगी, आकाशात संचार करणारी, हातात सत्याखेरीज दुसरं हत्यार नसलेली. महानायिका म्हणतात ती हीच.

अंगठीचं काय? बौद्धांच्या कट्ठहारि जातकात एक अंगठी आहे. रानात लाकडं वेचणाऱ्या एका बाईवर राजाचं मन बसतं, तो खुणेची अंगठी देऊन जातो. ती मुलाला घेऊन दरबारात येते, अंगठी दाखवते. राजा ती ओळखतो, आणि लाजेपोटी नाही म्हणतो. तेव्हा ती सत्याची आण घालून मुलाला वर हवेत फेकते, आणि मूल हवेतच मांडी घालून बसतं. लक्षात घ्या, इथे अंगठी जवळ असूनही उपयोग होत नाही. ज्याला खोटंच बोलायचं आहे त्याच्यापुढे पुरावा लंगडा पडतो. हे सगळं मनात ठेवून आता कालिदासाच्या कामाकडे वळू.

कालिदासापुढे अडचण होती. त्याला नाटक लिहायचं होतं, आणि संस्कृत नाटकाचा नायक थोर असावा लागतो. भर दरबारात जाणूनबुजून खोटं बोलणारा, बायकोमुलाला हाकलणारा राजा त्या चौकटीत बसत नाही. म्हणून त्याने पहिला सांधा हलवला तो दोषाचा. राजा खोटं बोलत नाही, तो खरंच विसरला आहे. विसरला कारण दुर्वासांचा शाप. शाप का, तर शकुंतला विचारात हरवली होती आणि दारी आलेल्या ऋषींची हाक तिला ऐकू आली नाही. एका चालीत गुन्हा राजाकडून निघाला आणि तिच्या बेसावधपणावर येऊन बसला. जातकातली अंगठी खोटेपणा उघडा पाडायची, नाटकातली अंगठी राजाला निर्दोष ठरवते.

दुसरा सांधा आवाजाचा. नाटकात तिच्या जन्माची कथा ती सांगत नाही, अनसूया राजाला सांगते. युवराजपदाची अटही तिने घातलेली नाही. राजांना राण्या पुष्कळ असतात, आमच्या सखीला दुःख होऊ देऊ नका, असं पुन्हा अनसूयाच म्हणते. म्हणजे अटीची विनंती झाली, आणि तीही दुसरीच्या तोंडून. शिवाय भाषाच बदलली. महाभारतात राजाच्याच संस्कृतात, श्लोकाला श्लोकाने ती उत्तर देते. नाटकाच्या संकेताप्रमाणे राजा संस्कृत बोलतो आणि बायका प्राकृत. गद्य शौरसेनीत, गाथा महाराष्ट्रीत. तिसऱ्या अंकात कमळाच्या पानावर नखाने ती जे प्रेमपत्र लिहिते, ती गाथा आपल्या मराठीच्या पूर्वजेत आहे. मराठी वाचक म्हणून मला याचं अप्रूप वाटतं. पण याच संकेतामुळे पाचव्या अंकातल्या दरबारात दोघांच्या भाषांची उंची सारखी राहत नाही. तिथे ती राजाला अनार्य म्हणते, तो क्षण पेटतो, पण तेवढाच. वाद घालण्याचं काम बरंचसं तिच्यासोबत आलेला कण्वांचा शिष्य शार्ङ्गरव करतो.

मग मूल. महाभारतात सहा वर्षांचा मुलगा तिच्या शेजारी उभा असतो, म्हणून तिथे वाद वारशाचा आहे. नाटकात ती गर्भवती असताना जाते. मूल दृश्यात नसल्यामुळे वारसा मागे पडतो आणि प्रश्न उरतो तो ओळख पटण्याचा.

आणि तिची आकाशगती? दरबारातून बाहेर पडल्यावर स्त्रीच्या आकाराचं एक तेज येतं आणि तिला उचलून नेतं. जी स्वतः आकाशात फिरते असं ठणकावून सांगत होती, तिला आता कुणीतरी उचलून न्यावं लागतं. यापेक्षाही मला खोल वाटतो तो एक बारीक बदल: शापाची गोष्ट सख्या तिच्यापासून लपवतात. शाप प्रेक्षकाला चौथ्या अंकातच कळतो, राजाची आठवण सहाव्यात परत येते, आणि आपल्या आयुष्यात काय घडलं हे तिला कळतं ते थेट सातव्यात, अगदी शेवटी. नायिकेच्या हातून तिच्या गोष्टीची माहितीच काढून घेतली की ती कितीही तेजस्वी असली तरी गोष्ट तिची राहत नाही.

एवढं सांगून कालिदासाला दोषी ठरवून मोकळं व्हायचं का? मला तसं करवत नाही. चौथा अंक वाचताना माझा गळा आजही भरून येतो. सासरी निघालेल्या मुलीचं वस्त्र मागून हरिणाचं पाडस ओढतं, आणि संसार सोडलेला कण्व स्वतःलाच विचारतो की वनात राहणाऱ्या माझी ही अवस्था, तर गृहस्थांचं काय होत असेल. महाभारतात हे नाही. तिथली शकुंतला वाद जिंकते, पण तिला मैत्रिणी नाहीत, लाडकी वेल नाही, माहेर सोडण्याचं दुःख नाही. कालिदासाने तिचा अधिकार कमी केला आणि तिला आतलं मन दिलं. राजालाही त्याने सोडलं नाही. सहाव्या अंकात तो तिचं चित्र काढून त्याच्याशी बोलतो, इतका पश्चात्तापाने पोळतो. महाभारताची कथा विचारते की खरं कोण बोलतंय. नाटक विचारतं की आठवण गेली तर प्रेमाचं काय होतं. दुसरा प्रश्न लहान नाही. पण तो पहिल्याच्या जागेवर येऊन बसला, आणि जुना प्रश्न विचारणारी बाई दीड हजार वर्षं जवळजवळ विसरली गेली. रोमिला थापर यांनी १९९९ साली शकुंतलेच्या या रूपांतरांवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं, त्यानंतर अनेकांचं लक्ष तिच्याकडे पुन्हा गेलं.

हेच अमेरिकेत कसं घडलं ते थोडक्यात सांगते. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने रचलेली वंडर वूमन राणी हिपोलिटाने मातीतून घडवलेली, बापाशिवायची मुलगी. हातात दोर, त्यात सापडलेल्याला तिची आज्ञा मोडता येत नसे. पुढे तो सत्य वदवणारा दोर म्हणून ओळखला गेला. मार्स्टन १९४७ मध्ये वारले, मग दुसऱ्यांचे हात लागले. १९६८ मध्ये तिच्या अद्भुत शक्तीच काढून घेण्यात आल्या. पृथ्वीवर प्रियकराजवळ राहता यावं म्हणून तिने त्या सोडल्या अशी कथा. मग ती कपड्यांचं दुकान चालवते, मारामारीची कला शिकते. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दैवी ताकदीवाचून उभी राहणारी आजची बाई त्यांना दाखवायची होती. पण वाचणाऱ्या बायकांना दिसलं ते एवढंच की एकीला शक्ती होती आणि ती गेली. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या वेषातली, जुन्या शक्तीची वंडर वूमन झळकली, आणि पुढच्याच वर्षी कॉमिक्समध्ये तिच्या शक्ती परत आल्या. २०११ मध्ये आणखी एक सांधा हलला: ती मातीची नव्हे तर झ्यूस देवाची मुलगी ठरली. ताकद तीच, पण ती आता बापाकडून आलेली. ताकद किती आहे यापेक्षा ती कुणाकडून आली हे बदललं की पात्र जास्त बदलतं, हे शकुंतलेने आपल्याला आधीच शिकवलेलं आहे.

परत आपल्याकडे येऊ. कालिदासाची शकुंतला १७८९ साली विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरातून युरोपात गेली, १७९१ मध्ये जर्मनमध्ये आली, ग्यटेला तिने वेड लावलं. साहेबाने डोक्यावर घेतलेली शकुंतला मग आपल्याही शाळा-कॉलेजांत आदर्श म्हणून आली. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. शकुंतला आता पदांतून बोलू लागली. ती भूमिका पुरुष करत. भाऊराव कोल्हटकरांनी ती गाजवली, आणि १९०५ मध्ये मिरजेला नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला होऊनच किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या नेसण्या-माळण्याचं अनुकरण पुढे घरंदाज बायका करू लागल्या. या भूमिकेला मिळालेलं हे नवं वजन: स्त्री कशी दिसावी, कशी वागावी याचा नमुना ती पुरवू लागली. दरबारात सत्याचा हिशेब मागणारी बाई या नमुन्यात कुठे बसणार?

चित्रांनी हे पक्कं केलं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि तिथून निघालेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवतो आहे. बापाने नाकारण्याचा क्षण, पुढे नवऱ्याने नाकारण्याचा जणू आधीचा अंक. किती नेमकी निवड होती ती! पण घराघरांत रुतून बसली ती दुसरी चित्रं: पत्र लिहिणारी शकुंतला, आणि पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे पाहणारी शकुंतला. दोन्हींत ती बोलत नाही. पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट म्हणून १९४३ मध्ये 'शकुंतला' केला, जयश्री यांना घेऊन. १९६१ मध्ये तीच कथा संध्या यांना घेऊन पुन्हा केली आणि नाव ठेवलं 'स्त्री'. तिचं नाव जाऊन जातिवाचक शब्द आला, म्हणजे ती एक बाई न राहता सगळ्या बायकांची प्रतिनिधी झाली.

आणि शेवटी कॉमिक्स. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि भारतीय कथांकडे वळल्यावर अगदी सुरुवातीच्या अंकांत शकुंतला आली. अर्थात कालिदासाची. यामागे नुसता आदर नव्हता, माध्यमाची गरजही होती असं मला वाटतं. बत्तीस पानांत गोष्ट सांगायची, चौकटीत चित्र मोठं आणि फुग्यात शब्द मोजके. अंगठी पाण्यात पडते हे एका चौकटीत दिसतं. कोळी मासा चिरतो, अंगठी चमकते, ही दुसरी चौकट. सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा मुलगा ही तिसरी. कालिदासाने विचाराच्या जागी वस्तू ठेवली, आणि वस्तू काढता येते. महाभारतातल्या शकुंतलेचं बळ तिच्या युक्तिवादात आहे, आणि युक्तिवाद लांबलचक असतो. फुग्यात मावत नाही. म्हणून प्रत्येक नवा कारागीर, कॅन्व्हासवाला असो की कॅमेऱ्यावाला, अंगठीवाली शकुंतलाच उचलतो.

मावत नाही म्हणजे अशक्य आहे असं नाही. दरबारात एक बाई, शेजारी हात धरलेला सहा वर्षांचा मुलगा, समोर नजर चुकवणारा राजा, एवढ्यात चित्र होतं. मुलाला तिच्या शेजारी परत उभं केलं की अर्धं काम झालं. राजाच्या चेहऱ्यावर विसरभोळेपणाऐवजी आठवत असल्याची खूण काढली, की उरलेलं. मोठ्या भाषणाची गरजच पडणार नाही.

आणि ज्याला कालिदासाची शकुंतलाच काढायची आहे त्याच्यासाठीही एक जागा शिल्लक आहे. सातव्या अंकात मारीच ऋषींच्या आश्रमात दोघं भेटतात. राजाच्या बोटात ती अंगठी असते. तो ती तिला परत घालायला देऊ करतो. शाप वगैरे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही; तिला एवढंच माहीत आहे की ज्या घडीला हवी होती त्या घडीला ही जवळ नव्हती. ती हात पुढे करत नाही. माझा हिच्यावर विश्वास नाही, तुम्हीच घाला, असं ती त्याला सांगते, प्राकृतात. हे वाक्य कुणी मागितलेलं नव्हतं, कथेला त्याची गरजही नव्हती. कालिदासाने ते तिला दिलं. अंगठी राजाच्याच बोटात राहते, आणि तिचा हात मोकळा.